संगणकावरच्या संगीतासाठी स्वस्त डॅक घेताय? या चुका टाळा

संगणकातल्या आकड्यांचे ऐकू येणाऱ्या ध्वनीसाठी विद्युतलहरींत रूपांतर करणारा बाहेरचा डबा, ज्याला सगळे डॅक म्हणतात, तो आता हजार रुपयांच्या आसपासही मिळतो आणि पाच ते दहा हजारांत तर घरी ऐकण्यासाठी लागते तेवढी शुद्धता सहज मिळून जाते. म्हणजे ही खरेदी मुळात अवघड राहिलेली नाही. तरीही सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकांची हकीकत एकसारखीच असते. आवाजात काहीतरी खटकले, कुठल्यातरी व्हिडिओत डॅकचे कौतुक ऐकले, त्याच रात्री मागवला, आणि खटकणारी गोष्ट होती तिथेच राहिली. वस्तू बहुधा चांगलीच असते. घाई नडलेली असते.

दोष कुठे आहे हे न पाहता खरेदी करणे

लॅपटॉपच्या आतली ध्वनियंत्रणा वाईटच असणार असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांचे हेडफोन आउटपुट साध्या इयरफोनसाठी पुरेसे स्वच्छ असते. हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. इयरफोन लावावेत, काहीही वाजत नसताना आवाज पूर्ण वाढवावा, माउस फिरवावा आणि एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावावी. कानात किरकिर किंवा टिकटिक आली, तर संगणकातल्या विजेचा गोंधळ ध्वनीच्या मार्गात शिरतो आहे आणि बाहेरचा डॅक खरोखरच उपयोगी पडेल. शांतता असेल, तर ते पैसे हेडफोनवर किंवा स्पीकरवर खर्च करावेत, कारण आवाजातला खरा फरक तिथे पडतो. गाणे सुरू करण्यापूर्वी आवाज खाली आणायला मात्र विसरू नये.

या प्रकारात सर्वांत महागात पडणारे दुखणे म्हणजे स्पीकरमधून सलग येणारी घूं. माझ्या परिचयातले एक निवृत्त प्राध्यापक तिच्यापायी बरेच महिने हैराण होते. त्यांच्याकडे टेबलावरचा संगणक आणि पोटातच ॲम्प्लिफायर असलेले, तीन पिनांच्या प्लगचे स्पीकर होते, आणि जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकण्याचा त्यांना नाद आहे. घूं येते म्हणून त्यांनी आधी एक स्वस्त डॅक घेतला. ती तशीच राहिली. स्वस्त वस्तू अशीच असणार, असे म्हणत त्यांनी तो परत केला आणि तिप्पट किमतीचा आणला, तरीही काही बदलले नाही. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून जाड, विणलेल्या आवरणाची यूएसबी केबल आली आणि तिने टेबलाची शोभा तेवढी वाढवली. शेवटी ही घूं मूळ ध्वनिमुद्रणातच, तानपुऱ्याखाली दडलेली असावी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ही समजूत एका मिनिटात तपासता आली असती. तानपुऱ्याचा स्वर गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे बदलतो. ही घूं मात्र प्रत्येक मैफलीत एकाच ठिकाणी होती आणि गाणे थांबवले तरी थांबत नव्हती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असा आवाज ५० हर्ट्झवर आणि त्याच्या १००, १५० अशा पटींवर ठाण मांडून बसतो. त्यांच्याकडे गेल्यावर मी डॅकला हात न लावता संगणकाला जोडलेल्या तारा एकेक करून काढायला सुरुवात केली. प्रिंटरची तार काढून फरक पडला नाही. टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय केबल काढली आणि खोली शांत झाली. ती परत जोडल्यावर घूं परत आली. मग ती तशीच ठेवून सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची तार काढली, तेव्हा घूं पुन्हा गेली.

केबलवाल्याच्या तारेचे जाळीचे वेष्टन बाहेर त्याच्या यंत्रणेपाशी जमिनीला जोडलेले होते आणि स्पीकर घराच्या अर्थिंगला. अशा दोन ठिकाणच्या अर्थिंगची विद्युतपातळी नेमकी सारखी क्वचितच असते. त्या फरकामुळे वाहणारा बारीकसा प्रवाह सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, संगणक, डॅक आणि ध्वनीची केबल अशा वाटेने स्पीकरपर्यंत पोचत होता. याला ग्राउंड लूप म्हणतात. नेहमीच्या डॅकमध्ये यूएसबी केबलमधली ग्राउंडची तार आतल्या मंडलाला (सर्किटला) थेट जोडलेली असते, त्यामुळे तो कितीही महाग असला तरी हा प्रवाह अडवू शकत नाही. म्हणूनच डॅक बदलत बसण्यात अर्थ नव्हता.

उपाय त्यांच्या टेबलावरच होता. मदरबोर्डच्या मागे ऑप्टिकल आउटपुट होते आणि नव्या डॅकला ऑप्टिकल इनपुट. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या टॉसलिंक जोडणीत तारेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचा विद्युतसंबंधच तुटतो. फक्त एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ऑप्टिकल केबल लावूनही डॅकला वीज संगणकाच्याच यूएसबीतून दिली, तर ग्राउंडची तार मागच्या दाराने पुन्हा जोडली जाते. आम्ही तो डॅक मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरवर चालवला आणि प्रश्न मिटला.

ज्यांच्याकडे ऑप्टिकलची सोय नाही त्यांनी आधी संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत, कारण कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐकावे. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे हे कळते. त्यानंतरच यूएसबी आयसोलेटरचा, म्हणजे यूएसबीच्या वाटेतला विद्युतसंबंध तोडणाऱ्या डबीचा, विचार करावा. स्वस्त आयसोलेटर बहुधा १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावरच चालतात, पण त्या वेगातून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा (म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) ध्वनी जातो आणि तेवढा भरपूर झाला.

या सगळ्याच्या आधी एका वायरमनने प्राध्यापकांना स्पीकरच्या प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला दिलेला होता. आपल्याकडे हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने घूं पुष्कळदा खरोखरच जाते, म्हणून तो अधिक धोक्याचा आहे. आत बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली, तर माणसाला वाचवण्यासाठी ती पिन असते. संगीतासाठी ज्याला ती काढायची आहे त्याने संगीत ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोक्यावरचे आकडे आणि चिपचे नाव पाहून निवडणे

नवशिक्या ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘यात कोणती चिप आहे?’ हा असतो, आणि दुसरा ‘३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ चालते का?’ हा. सीडीची १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ही रचना सुमारे ९६ डेसिबलचा आवाका आणि २० किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे ध्वनी सामावून घेते. त्यापलीकडे निरोगी तरुण कानालाही सहसा ऐकू येत नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचा कान तर त्याच्या बराच आधी थांबतो. पंखा चालू असलेल्या आणि खिडकीबाहेर रिक्षा धावणाऱ्या खोलीत ते ९६ डेसिबलसुद्धा पूर्ण उपभोगता येत नाहीत. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्यांवर तर ढोबळमानाने अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही टिपलेलेच नाही. तशा तबकड्यांच्या १९२ किलोहर्ट्झच्या प्रती जमवणाऱ्यांना खरखर तेवढी उत्तम दर्जाची मिळते.

चिपच्या नावाचा मोह किती पोकळ आहे हे ऑक्टोबर २०२०मध्ये दिसले. डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीचा जपानमधल्या नोबेओका येथील कारखाना आगीत सापडला, तिच्या चिपचा तुटवडा पडला आणि अनेक कंपन्यांना ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपकडे वळावे लागले. फिओ या कंपनीच्या डॅकचे के५ प्रो हे मॉडेल असेच दोन अवतारांत निघाले. एक चिप ‘मऊ’ आणि दुसरी ‘धारदार’ वाजते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसमोर दोन्ही अवतार सारख्या पातळीवर, झाकून ठेवावेत, एवढीच माझी सूचना आहे. चिपइतकेच तिच्याभोवतीचे मंडल आणि वीजपुरवठा महत्त्वाचा असतो, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. मी आकड्यांपैकी दोनच पाहतो: आउटपुट किती व्होल्टचे आहे आणि हेडफोन आउटपुटचा रोध किती ओहम आहे.

एमक्यूए या ध्वनिफायलींच्या खास स्वरूपाच्या शिक्क्यासाठी आता एक रुपयाही जास्त देऊ नये. त्यामागची कंपनी २०२३मध्ये आर्थिक अडचणीत येऊन विकली गेली आणि तिचा मोठा आधार असलेली टायडल ही इंटरनेटवरून गाणी ऐकवणारी सेवा पुढच्याच वर्षी फ्लॅक या खुल्या स्वरूपाकडे वळली.

डॅक आणि हेडफोन ॲम्प्लिफायर यांत गल्लत करणे

मागच्या बाजूला फक्त लाल-पांढऱ्या आरसीए जोडण्या असलेला डॅक घेऊन त्यात हेडफोन कुठे लावायचा असे विचारणारे ग्राहक दरवर्षी भेटतात. तो डबा स्पीकरसाठी किंवा वेगळ्या ॲम्प्लिफायरसाठी असतो. हेडफोनवर ऐकणाऱ्याने दोन्ही एकत्र असलेला, समोर आवाजाचे गोल बटण असलेला डबा घ्यावा. सेनहायझर एचडी ६००सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागते आणि तिथे पेनड्राइव्हएवढा डोंगल धापा टाकतो. उलट १६ ओहमच्या संवेदनशील इयरफोनला दांडगा ॲम्प्लिफायर लावला, तर गाण्यामागे सूं ऐकू येते. आउटपुटचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा जुना नियम आजही पुरतो.

साध्या इयरफोनसाठी ॲपलचा टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर हा छोटा अडॅप्टर मी बिनदिक्कत सुचवतो, आणि दिसायला किरकोळ आहे म्हणून लोक तो बिनदिक्कत नाकारतात. अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बऱ्याचदा कमी येतो, पण आपला विषय संगणकाचा आहे आणि तिथे ही अडचण येत नाही. तसाच दिसणारा शंभर रुपयांचा टाइप-सी अडॅप्टर मात्र घेऊ नये. त्यांतल्या पुष्कळांत डॅक नसतोच, नुसत्या तारा असतात, आणि बहुतेक लॅपटॉप त्यांना दाद देत नाहीत.

आवाजाची पातळी न जुळवता तुलना करणे

‘नवा डॅक लावल्याबरोबर पडदा दूर झाल्यासारखे वाटले’ हे वाक्य ऐकले की मी एकच प्रश्न विचारतो: पातळी जुळवली होती का? दोन समान आवाजांपैकी किंचित मोठा आवाज कानाला अधिक स्पष्ट, अधिक खुला वाटतो. तो मोठा आहे हे मात्र जाणवत नाही. एका डॅकचे आउटपुट १ व्होल्ट आणि दुसऱ्याचे २ व्होल्ट असेल, तर तो फरक ६ डेसिबलचा झाला, आणि दुसरा डॅक एकही स्वर वाजवण्यापूर्वीच जिंकलेला असतो.

माझी सवय अशी आहे की ५० हर्ट्झचा सलग स्वर वाजवून दोन्ही डॅकचे आउटपुट साध्या मल्टिमीटरने, एसी व्होल्टवर, मोजायचे. स्वस्त मीटर घरातल्या विजेसाठी बनवलेले असतात, त्यामुळे याच स्वरावर ते विश्वासाचे असतात. दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत आणले, की फरक ०.१ डेसिबलच्या खाली जातो. मग दुसऱ्या कोणालातरी पाठीमागे बसवून तारा बदलायला लावायच्या आणि आता कोणता वाजतो आहे हे त्याने सांगायचे नाही. ही खटपट कंटाळवाणी आहे आणि उतावळ्या माणसाला ती नको असते. त्याला निकाल हवा असतो, तोही खर्च झालेल्या पैशाच्या बाजूने. दोन ध्वनिफायलींची तुलना करायची असेल, तर फूबार२००० या फुकट प्लेअरच्या एबीएक्स या झाकून तुलना करवणाऱ्या घटकाने हेच काम एकट्यानेही करता येते.

उरलेल्या चुका

डॅक जोडूनही काही फरक कळत नाही अशी तक्रार असेल, तर हेडफोनची पिन अजून लॅपटॉपलाच लावलेली नाही ना, हे आधी पाहावे. हसू नये, असे घडते. संगणकाला डॅक दिसतच नसेल, तर केबल बदलावी, कारण चार्जरसोबत आलेल्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात. विंडोज १०ने २०१७पासून ‘यूएसबी ऑडिओ क्लास २’ला, म्हणजे डॅकने संगणकाशी बोलण्याच्या प्रमाणित पद्धतीला, स्वतःच आधार दिलेला आहे, त्यामुळे कोणत्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवण्याची गरज सहसा नसते.

विंडोजमधली ध्वनीत फेरफार करणारी ‘एन्हान्समेंट्स’ बंद ठेवावीत. तिथला नमुना-दर १९२ किलोहर्ट्झवर ठेवून काहीही सुधारत नाही. ज्याचा बहुतेक संग्रह सीडीवरून घेतलेला आहे त्याने तो ४४.१वर ठेवावा. एक्स्क्लुझिव्ह पद्धतीत, म्हणजे प्लेअर एकटाच डॅकचा ताबा घेतो तेव्हा, नमुना-दर बदलला की काही डॅक क्षणभर गप्प होतात आणि आलापाचा पहिला षड्ज तुटतो. म्हणून मी ती पद्धत वापरत नाही, शुद्धतावाद्यांनी कितीही नाक मुरडले तरी. मधूनमधून टकटक येत असेल, तर डॅक हबमधून काढून थेट मागच्या यूएसबी जागेत लावावा आणि यूएसबीची वीजबचत बंद करावी.

‘७.१’ (म्हणजे आठ स्पीकरांची मांडणी) असे छापलेली दोनशे रुपयांची यूएसबी काडी घेऊ नये.

परदेशातून परस्पर मागवलेल्या डॅकवर सीमाशुल्क भरावे लागू शकते आणि दुरुस्तीसाठी तो परत पाठवण्याचा खर्च कधीकधी त्याच्या किमतीइतका होतो, म्हणून थोडे जास्त देऊनही भारतातल्या वॉरंटीचे बिल असलेलीच वस्तू घ्यावी. ती आल्यावर परतीच्या मुदतीतच आपल्या खऱ्या मांडणीत, लॅपटॉपचा चार्जर जोडलेला, टीव्हीची केबल लावलेली आणि स्पीकर नेहमीच्या प्लगवर असताना रात्री शांतपणे ऐकून पाहावी, कारण दुकानात बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर यांतला एकही दोष उघडा पडत नाही.