स्पॅम ईमेलची तक्रार पुढे सरकत नसेल तर
मालवण-गुहागरकडे घरगुती निवास चालवणाऱ्यांना किंवा रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या पाठवणाऱ्यांना खोट्या बुकिंगचा ईमेल आला, की तो तक्रारीसाठी नुसता फॉरवर्ड केला जातो आणि नेमके तिथेच चुकते, कारण तो कोणत्या सर्व्हरवरून आला हे सांगणारे मूळ हेडर त्यात गळून पडते. त्याऐवजी संगणकावर जीमेल उघडून 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' हा पर्याय निवडावा. तक्रारीचा ईमेलच परत आला, तर तो ज्यांना पाठवला त्यांच्या स्पॅम फिल्टरने अडवलेला असू शकतो. अशा वेळी जीमेलच्या 'शो ओरिजिनल' या पर्यायात दिसणारे हेडर तक्रारीत चिकटवावे. जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधील ईमेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून पावसात नेटवर्क गेले तरी तक्रार फार लांबवू नये. पैसे गेले असतील, तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.