स्पीड कॅमेऱ्याचं चलन आलंय? भरण्याआधी आणि भांडण्याआधी हे करा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंग आणि पाणी यांच्या खालोखाल कशावर भांडणं होत असतील तर ती स्पीड कॅमेऱ्यांवर. कुणीतरी चलनाचा स्क्रीनशॉट टाकतं. लगेच "नुसती लूट आहे", "आधी खड्डे बुजवा म्हणावं" सुरू होतं. मग एखादा शहाणा म्हणतो, "हळू चालवा ना मग." संध्याकाळपर्यंत शंभर मेसेज पडतात आणि ज्याचं चलन असतं त्याने अजून चलनातला फोटोही उघडून बघितलेला नसतो.

या वादात दोन वेगळी गाऱ्हाणी एकत्र कालवली जातात. "हे चलन चुकीचं आहे" हे एक आणि "हा कॅमेराच इथे चुकीचा आहे" हे दुसरं. पहिल्याची दाद चलनाच्या तक्रारीत लागते. दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा कागद आणि बराच धीर लागतो. चलनाच्या तक्रारीत "रस्ते नीट नाहीत" असं लिहिलंत तर तक्रार फेटाळली जाणार, हे धरूनच चाला. म्हणून क्रमाने जाऊ.

पहिलं काम: मेसेज खरा आहे का ते बघा

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर ती शंभर टक्के फसवणूक आहे. ती उघडली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. पोलीस कुणालाही एपीके पाठवत नाहीत.

चलन बघायचं ते स्वतःहून साइटवर जाऊन. राज्य वाहतूक पोलिसांची महाट्रॅफिक ई-चलनाची साइट आहे, त्याच नावाचं अ‍ॅपही आहे आणि केंद्राची परिवहन ई-चलनाची साइट वेगळी आहे. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, तेवढं बघा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची थकीत चलनं समोर येतात. पुष्कळांना इथेच धक्का बसतो, कारण बघायला गेलेले असतात एक आणि निघतात पाच.

मग फोटो. सगळं फोटोत असतं

फोटो उघडा आणि झूम करा. घाई करू नका. नंबर प्लेट अक्षर न् अक्षर वाचा. 8 चा बी, 0 चा डी, 3 चा 8 होणं कॅमेऱ्याला अवघड नाही, त्यात प्लेटवर चिखल असेल किंवा आकडे नक्षीदार असतील तर विचारायलाच नको. गाडीचा रंग आणि प्रकार बघा. फ्रेममध्ये दोन गाड्या असतील तर वेग कुणाचा मोजलाय ते स्पष्ट दिसतं का, तेही बघा. मग तारीख, वेळ, ठिकाण, तिथली मर्यादा आणि मोजलेला वेग हे एका कागदावर उतरवून घ्या.

आमच्या गल्लीत एकाचा दुधाचा टेम्पो आहे. पहाटे निघतो, नऊला परत, तालुक्याबाहेर कधी गेलेला नाही. त्याला दोन जिल्हे पलीकडचं अतिवेगाचं चलन आलं. तो आधी एका कार्यालयात गेला. तिथे "आत्ता भरून टाका, नंतर बघू" असं सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी आम्ही त्याच्या फोनवर फोटो उघडला, तर त्यात चक्क ट्रक. नंबर त्याच्याचसारखा, फक्त शेवटून दुसरा आकडा 3, याचा 8. दोन खेपांचं पेट्रोल आणि दोन दिवसांचं दूध वाचलं असतं, फोटो आधी बघितला असता तर.

आकड्याशी भांडायचं असेल तर आधी गणित करा

"माझ्या मीटरवर तर शंभरच होते!" हे वाक्य प्रत्येक चलनाखाली ऐकू येतं. मीटर मुळात खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवेल, कमी दाखवणार नाही, अशा बेताने बनवलेला असतो. म्हणजे मीटरवर खरोखर शंभर असतील तर गाडी शंभरच्या आतच असते आणि 112 चं चलन आलं तर शंका घ्यायला जागा आहे. अपवाद एकच. हौसेने मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटर कमी दाखवू लागतो. तसं असेल तर वाद घालायच्या आधी टायरवाल्याकडे जा.

दुसरी गोष्ट सरासरी वेगाची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून जी नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात एका जागी वेग मोजणं तर आहेच, पण रस्त्यावरच्या, कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरूनही वेग काढला जातो. समजा दोन कमानींमध्ये 10 किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा 100 ची आहे. मग ते अंतर कापायला कमीत कमी 6 मिनिटं लागली पाहिजेत. 5 मिनिटं 20 सेकंदांत पोचलात तर सरासरी निघते एकशे साडेबारा, म्हणजे 112.5. कॅमेरा दिसला की ब्रेक, पुढे गेला की पुन्हा पाय खाली, ही जी आपल्याकडची कला आहे ती इथे चालत नाही. "कॅमेऱ्यासमोर मी नव्वदवरच होतो" हे खरं असेलही, पण उपयोगाचं नाही.

(आणि गणित काढलंच आहे तर हेही बघा. द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचा. सगळा सपाट आणि मोकळा धरला तरी 100 ऐवजी 120 ने गेल्यावर वाचतात साडेनऊ मिनिटं. फूड मॉलवर वडापावच्या रांगेत त्याहून जास्त जातात.)

पुरावा गोळा करा

गाडी तिथे नव्हतीच असं म्हणायचं असेल तर फास्टॅग हा सर्वांत चांगला साक्षीदार. टोलचा एसएमएस कधीकधी उशिरा येतो, त्यामुळे त्यातली वेळ धरू नका. फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये टोलनाक्यावर टॅग वाचल्याची वेळ असते, ती घ्या. त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती तर जॉबकार्ड, सोसायटीत उभी होती तर गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज. हे फुटेज लवकर पुसलं जातं, म्हणून ते मागायला आजच जा. डॅशकॅम असेल आणि त्यावर जीपीएसचा वेग उमटत असेल तर तो तुकडा वेगळा साठवून ठेवा.

गाडी विकलेली असेल आणि चलनं अजून तुमच्या नावावर येत असतील, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. नोंदणी नावावर आहे तोवर नोटीस तुम्हालाच येणार. विक्रीची माहिती 14 दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. डीलर म्हणतो "आम्ही करतो सगळं". करत नाही. फॉर्म 29 ची, म्हणजे विक्री कळवण्याच्या अर्जाची, पोच हातात घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

तक्रार अशी लिहा

साइटवर आणि अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे, फोटो जोडता येतात. मजकूर चार ओळींचा ठेवा:

"चलन क्र. ___, दि. ___, वेळ 14:12. चलनाच्या फोटोतील वाहनाच्या क्रमांकात शेवटून दुसरा अंक 3 आहे, माझ्या वाहनाचा 8 आहे. फोटोतील वाहन ट्रक असून माझे वाहन तीनचाकी टेम्पो आहे. आरसीची प्रत आणि वाहनाचे समोरून व मागून काढलेले फोटो जोडले आहेत. चलन रद्द करावे."

बस. सरकार, कर, खड्डे, नेत्यांचे ताफे यातलं काही नको. टेम्पोवाल्याचं चलन अशाच चार ओळींवर तीन आठवड्यांत रद्द झालं. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर देण्याच्या आणि दंड भरण्याच्या मुदती नियमांत बदलत असतात, म्हणून तुमच्या चलनावर जी छापली आहे तीच पाळा. तक्रार फेटाळली गेली तर कोर्टाचा रस्ता उरतो. दोन हजारांसाठी वकील लावायचा का, हा ज्याचा त्याचा हिशेब.

कॅमेराच चुकीचा वाटत असेल तर

इथे खरा वाद सुरू होतो आणि इथे चालकांची बाजू पोकळ नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 136-अ हे कलम आलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्याखालचा 167-अ हा नियम. त्यात कॅमेऱ्यावरही बंधनं आहेत. यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. कॅमेरा आहे असं सांगणारा फलक आधी दिसला पाहिजे. यंत्रं लावायची ती जास्त धोक्याच्या आणि जास्त वाहतुकीच्या पट्ट्यांत. गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांत नोटीस, असंही त्या नियमात आलं. थोडक्यात, झाडाआड लपून सावज पकडणं हा कायद्याचा हेतू नाही. माझं मत विचाराल तर दिसणारा कॅमेरा वेग कमी करतो, लपलेला फक्त पैसे गोळा करतो.

तेव्हा आधी जागेवर जाऊन बघा. मर्यादेचा लाल गोल फलक कुठे आहे? फांद्यांनी झाकला आहे का? 80 वरून 40 वर एकदम उतरायला लावलं आहे का? सुरक्षित ठिकाणी गाडी लावून फोटो काढा. महामार्गाच्या कडेला थांबून नको. मागच्या सीटवरच्या माणसाला काढायला सांगा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत असावा लागतो, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात "का" विचारू नका. "इथे कॅमेरा का लावला?" याला "आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. कागद मागा: त्या यंत्राच्या चालू मान्यता प्रमाणपत्राची प्रत, त्या पट्ट्यात मर्यादा ठरवणाऱ्या अधिसूचनेची प्रत, इशारा फलकांच्या जागांची नोंद आणि त्या ठिकाणी कॅमेरा लागण्याआधीच्या व नंतरच्या वर्षांतली अपघातांची संख्या. शेवटचा कागद सर्वांत मोलाचा. कॅमेऱ्याने किती कोटी जमवले हा आकडा पेपरात छापून येतो. तिथे माणसं किती कमी मेली, हा आकडा मागावा लागतो.

मालवाहतूकदारांनी जुलै 2025 मध्ये ई-चलनांविरुद्ध संप पुकारला, तेव्हा बातम्यांत ते नुसते दंड चुकवणारे ठरले. पण भरलेला ट्रक घाटात 40 च्या मर्यादेत चालवणं आणि रिकामी कार 60 मध्ये चालवणं यात फरक आहे. ती मर्यादा जाचक आहे, हे त्यांचं जुनं गाऱ्हाणं होतं. ते खोडायचं तर अभियंत्याने खोडावं, ग्रुपवरच्या कारवाल्याने नव्हे.

दुसरी बाजूही ऐका. केंद्राच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातल्या 71.2 टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवलेलं आहे. पंचनामा लिहिताना "अतिवेग" हा रकाना हाताशी असतो, रस्त्याचा चुकलेला उतार मोजायला वेळ लागतो, त्यामुळे हा आकडा मी जरा जपूनच घेतो. पण बोरघाटात 20 च्या वेगाने चढणारा ट्रक आणि त्याच्यामागून शंभरने येणारी कार, यांच्यातलं शंभर मीटर अंतर साडेचार सेकंदांत संपतं. हे कुठल्या अहवालावरून नाही, साध्या भागाकारावरून. एकट्या द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जण दगावले होते. पुढे कठडे, कडेला उभ्या गाड्या हटवणं आणि कारवाई असं सगळं मिळून केल्यावर तो आकडा खाली आला. एकट्या कॅमेऱ्याला श्रेय देणारे आणि अजिबात न देणारे, दोघेही अर्धंच सांगतात.

चूक आपलीच असेल तर

भरून टाका. कायद्यात हलक्या वाहनाला 1000 ते 2000 आणि मध्यम व अवजड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे. आपल्याकडे कारला 2000 चं चलन येतं. साचू दिलंत तर गाडी विकताना, नाव बदलताना आरटीओत काम अडतं. लोकअदालतीत काही वेळा तडजोडीने कमी रकमेत मिटतं, तशी नोटीस आली तर जरूर जा. पण त्या आशेवर दोन वर्षं चलनं साठवणारे मी बघितलेत. शेवटी रक्कम गाडीच्या विम्यापेक्षा मोठी झाली.

मलाही मागच्या पावसाळ्यात एक आलं. घाट, मर्यादा 60, मोजलेला वेग 74. वर सांगितलं ते सगळं केलं. साइटवर गेलो, फोटो उघडला, वीस मिनिटं झूम करून चूक शोधत बसलो. प्लेट माझी, बंपरवरचा खरचटा माझा, काचेमागे डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा स्वच्छ दिसत होता. दोन हजार भरले. ग्रुपवर काही टाकलं नाही.