सिझेरियनच्या टक्क्यावरून प्रसूतितज्ज्ञांचे काम कसे तपासावे

प्रत्येक डॉक्टरचा सिझेरियनचा एकूण टक्का काढून यादी लावली, की अवघड बाळंतपणे अंगावर घेणाराच बदनाम होतो. म्हणून आधी डॉ. रॉब्सन यांनी आखलेल्या दहा गटांत बाळंतिणींची वर्गवारी करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याच वर्गीकरणाची शिफारस केली.

केस पेपरवरून सहाच गोष्टी टिपायच्या: आधीची बाळंतपणे, आधीचे सिझेरियन, मूल एक की जुळे, डोके खाली, पायाळू की आडवे, किती आठवडे भरले, आणि कळा आपोआप आल्या, औषधाने आणल्या की कळांआधीच सिझेरियन झाले. नोंद लेबर रूममध्ये लगेच करा. महिनाअखेरीला फायली काढल्या की कळांचा रकाना हमखास अंदाजाने भरतात.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपोआप आलेल्या कळा वाढवायला ऑक्सिटोसिन लावले, तरी ती पहिलटकरीण पहिल्याच गटात, म्हणजे आपोआप कळा आलेल्यांत, राहते. सलाइनमध्ये औषध दिसले म्हणून तिला दुसऱ्या गटात (कळा औषधाने आणलेल्या किंवा कळांआधीच सिझेरियन झालेल्या पहिलटकरणी) टाकले, तर लांबलेल्या केसेस बाहेर जातात आणि पहिल्या गटाचा आकडा उगीच चांगला दिसतो.

नोंदींची परीक्षा नवव्या गटावर घ्या. हा आडव्या मुलांचा गट. तो एकूण बाळंतपणांच्या एक टक्क्याच्या आत हवा आणि त्यात सिझेरियन १०० टक्के हवे. तसे नसेल, तर तुलना थांबवून रजिस्टर तपासा.

डॉक्टरांची तुलना पहिल्या गटावर करा: पहिलटकरीण, एकच मूल, डोके खाली, ३७ आठवडे पूर्ण, कळा आपोआप. इथे १० टक्क्यांच्या आत राहणे जमण्यासारखे आहे. पण ४० पैकी ६ सिझेरियन म्हणजे १५ टक्के, आणि एवढ्या थोड्या संख्येवर खरा दर ७ ते २९ टक्क्यांत कुठेही असू शकतो. अशा आकड्यावर कोणाला नोटीस देणे अन्यायाचे आहे; आणखी केसेस साठू द्या. ड्यूटी बदलताना केस हातातून हातात जाते, तेव्हा सिझेरियनचा निर्णय ज्याचा, त्याच्या नावावर ते लिहा.

त्याच गटात पाचव्या मिनिटाला अपगार (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले दहापैकी गुण) ७ पेक्षा कमी असलेली बाळे आणि आईचा अतिरक्तस्राव हेही मोजा. टक्का खाली आणताना निर्णयाला उशीर होत असेल, तर तो इथे दिसतो.

शेवटी त्या सिझेरियनचे पार्टोग्राफ (बाळंतपणाच्या प्रगतीचे तक्ते) उघडून गर्भाशयाचे तोंड किती उघडले होते ते पाहा. आई आणि बाळ ठीक असताना ५ सेंमीच्या आधीच ‘प्रगती नाही’ असे कारण दिसले, तर त्या केसवर संबंधित डॉक्टरसोबत बसा.