कॅन्टोनीजमध्ये ‘जिंकलो’ आणि ‘कितवा नंबर’

कॅन्टोनीज म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलतात ती चिनी भाषा. तिथल्या बक्षीस समारंभात पुकारतात ते चार शब्द आधी पाठ करा: कुन३क्वन१ (पहिला), आ३क्वन१ (दुसरा), क्वइ३क्वन१ (तिसरा), तिन६क्वन१ (चौथा). आकडा म्हणजे सूर. १ उंच आणि सपाट, २ चढता, ३ मधला सपाट, ४ खाली उतरणारा, ५ खालून किंचित चढणारा, ६ खालचा सपाट. क्वन म्हणजे फौज; तिन६ म्हणजे पिछाडी, म्हणून चौथ्याला पिछाडीची फौज. सूर चुकवून कुन१क्वन१ म्हणालात, तर विजेत्याऐवजी सरकारी फौज होते.

उच्चारात मराठी माणसाला आयता फायदा आहे. रोमन लिपीत ‘जी’ लिहितात तो आपला क, ‘के’ लिहितात तो ख. ‘झेड’ म्हणजे ‘चाक’मधला च. फ मात्र ओठ मिटून म्हणा, ‘फॅन’सारखा नको. नाहीतर फाय४ (पदक) बिघडतं. सोनं कम१फाय४, रुपं ङन४फाय४, कांस्य थुंग४फाय४.

पदक ‘जिंकलं’साठी रोजच्या बोलण्यात लो२, म्हणजे घेणं. फळीवरचा डबा काढायलाही हाच शब्द. १९९६ साली अटलांटात ली लाय-शाननं हाँगकाँगला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, ते असं सांगायचं: लेइ५ लइ६ सान१ लो२ चो२ कम१फाय४. चो२ लावलं की काम पार पडलं.

प्रतिस्पर्ध्याला हरवलं तर येंग४: ङो५तेइ६ साम१ पेइ२ यी६ येंग४ चो२ खॉय५तेइ६, आम्ही त्यांना ३–२ हरवलं. आपण हरलो तर श्यू१ चो२ पेइ२ खॉय५तेइ६. इथला पेइ२ ‘त्यांच्याकडून’चा, गुणांमधला वेगळा, कानाला दोन्ही सारखेच, जागेवरून ओळखायचे. बरोबरी सुटली तर ता२वो४.

क्रमांक विचारायचा तर फाय४ तइ६ केइ२? (इथला फाय४ पदकाचा नव्हे, क्रमांक लागण्याचा.) उत्तर: फाय४ तइ६ यी६, दुसरा. नुसतं तइ६ यी६ को३ म्हणू नका. त्याचा ‘दुसराच कुणीतरी’ असाही अर्थ निघतो. अगदी शेवटच्याला पाउ१मेइ१ म्हणतात, पण ते चिडवणं आहे, तोंडावर टाळा.

श्यू१ म्हणजे हरणं आणि श्यू१ म्हणजेच पुस्तक, सूरही तोच. म्हणून घोड्यांच्या शर्यतीला निघालेल्याच्या हातात पुस्तक अपशकुनी, आणि पंचांगाचं मूळ नाव थुंग१श्यू१ बदलून थुंग१सिंग३ केलेलं. सिंग३ म्हणजे विजय.