घाना कसा पाहावा: अक्रा, केप कोस्ट, एल्मिना आणि मग कुमासी

केप कोस्ट आणि एल्मिना इथले गुलामांच्या व्यापाराचे किल्ले आणि काकुमचं जंगल एका दिवसात दाखवून संध्याकाळी अक्राला परत आणणाऱ्या सहली सर्रास मिळतात. त्या घेऊ नका. जाऊन-येऊन जवळपास 300 किलोमीटर होतात, शिवाय अक्राच्या वेशीवरची कासोआची कोंडी. किल्ल्यांसाठी जेमतेम तासभर उरतो. केप कोस्टला दोन रात्री राहा आणि तिथून अक्राला न परतता थेट कुमासी गाठा. एकूण आठवडा पुरतो.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण ते विमानतळावर दाखवावं लागतं. मलेरिया तिथे बारमाही आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू करायच्या. लष्करी छापाचे कपडे घरीच राहू द्या, सामान्य नागरिकांना ते घालायला बंदी आहे. दक्षिणेत पाऊस दोनदा येतो: एप्रिल ते जुलै (जून सगळ्यात वाईट) आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं असतं, पण सहारातून येणारा हरमॅटन वारा धूळ आणतो आणि फोटो धुरकट येतात. नोव्हेंबर त्यातल्या त्यात बरा.

अक्राला एक दिवस खूप झाला. स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांचं स्मारक पाहा. ब्रिटिशांचं 'गोल्ड कोस्ट' 6 मार्च 1957 रोजी इथल्याच मैदानावर घाना म्हणून स्वतंत्र झालं. दुपारनंतर जेम्सटाउनच्या जुन्या वस्तीत फेरी मारा.

केप कोस्टची ट्रोट्रो, म्हणजे सामायिक मिनीबस, कानेशी स्थानकातून मिळते. तिला वेळापत्रक नाही. भरली की सुटते. म्हणून सकाळी लवकर जा आणि जवळपास भरलेली गाडी निवडा. रिकाम्या गाडीत चांगली जागा पकडणारा सगळ्यात जास्त वेळ ताटकळतो. भाडं 'मेट', म्हणजे कंडक्टर, गोळा करतो. त्याच्याकडे मोठ्या नोटेचे सुटे असतीलच असं नाही, तेव्हा सेडी या तिथल्या चलनाच्या लहान नोटा जवळ ठेवा.

केप कोस्टच्या किल्ल्यात वाटाड्यासोबतच फिरा. पुरुषांच्या तळघरांत उजेड येतो तो छताजवळच्या लहानशा झरोक्यांतून. पायाखालचा काळपट, घट्ट थर ही माती नव्हे. तिथे डांबलेल्या माणसांची घाण वर्षानुवर्षं साचून दगडासारखी झाली आहे. वर डोक्यावरच इंग्रजांचं प्रार्थनामंदिर. तिथून अंगणात आलात की तोफांची तोंडं पाहा: बहुतेक समुद्राकडे. युरोपीयांना मोठी धास्ती एकमेकांच्या जहाजांची होती. आतल्या प्रदेशावर त्यांची सत्ता नव्हती. शेजारच्या एल्मिनात किल्ल्याच्या जागेसाठी डच लोक स्थानिक सत्ताधीशांना पैसे मोजत, आणि सोनं व गुलाम आतून येत ते आफ्रिकी राज्यांच्या मार्गांनी. एवढ्याचसाठी कुमासी, म्हणजे त्यांतल्या असांटे राज्याची राजधानी, वगळू नये. नुसता किनारा पाहिला तर अर्धाच इतिहास कळतो.

एल्मिना तिथून 12-13 किलोमीटर पश्चिमेला. पोर्तुगिजांनी 1482 मध्ये बांधलेला हा किल्ला डचांनी 1637 मध्ये घेतला, तो समोरच्या टेकडीवर तोफा चढवून. पुढे त्याच टेकडीवर त्यांनी सेंट जागो हा छोटा किल्ला बांधला, म्हणजे तीच युक्ती दुसऱ्या कुणाला करता येऊ नये. आधी टेकडी चढा; वरून बंदर, खाडी आणि मोठा किल्ला एका नजरेत येतो आणि लढाई आपोआप उलगडते. रंगीत होड्यांची गजबज पाहायची असेल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी समुद्रात जाळं टाकत नाहीत. जुलैचा पहिला मंगळवार मात्र अपवाद, कारण त्या दिवशी बाकाटुए उत्सव असतो. माणसांचे फोटो विचारूनच काढा.

काकुमला उघडण्याच्या वेळीच पोहोचा, नंतर शाळांच्या सहली येतात. झाडांच्या शेंड्यांतून जाणारे 7 झुलते पूल मिळून साधारण 350 मीटर भरतात, उंची काही ठिकाणी 40 मीटरपर्यंत. पहिला पूल ओलांडल्यावर बाहेर पडायची जवळची वाट आहे. भीती वाटत असेल तर तिथेच निर्णय घ्या. फळ्या अरुंद असतात आणि ओल्या झाल्या की घसरतात, म्हणून बंद बूट हवेत. हत्ती दिसण्याची आशा धरू नका.

कुमासीच्या वाटेवर आसिन मान्सोला उतरा. किनाऱ्याकडे चालवत आणलेल्या बंदिवानांना इथल्या नदीत शेवटची आंघोळ घालत. अर्धा-पाऊण तास पुरेल.

कुमासीला जाण्याची तारीख आक्वासिडे हा उत्सव पाहून ठरवा. दर 42 दिवसांनी एका रविवारी असांटेहेने, म्हणजे असांटे राजा, मान्हिया राजवाड्यात दरबार भरवतो. छत्र्या, ढोल, सोन्याने मढलेले सरदार, सगळं समोर दिसतं. काही देता-घेताना उजवा हात वापरा, डावा हात पुढे करणं अपमान समजतात. फूफू, म्हणजे कुटलेल्या कंदांचा मऊ गोळा, तोही उजव्या हातानेच खायचा, रश्शात बुडवून, न चावता.

पोहण्याबाबत दोन सूचना. समुद्रात आत ओढणारे प्रवाह जबर असतात, तेव्हा स्थानिक जिथे उतरत नाहीत तिथे उतरू नका. व्होल्टा सरोवर शांत दिसलं तरी त्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा जंतांचा आजार होतो.

केंटे, म्हणजे इथलं रंगीत विणलेलं कापड, घ्यायचं तर कुमासीजवळच्या बोनवायर गावात, मागाशेजारीच घ्या. अस्सल केंटे चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्या विणून, त्या शिवून बनवतात. कापड उलटून पाहा: पट्ट्यांचे सांधे हाताला लागले आणि नक्षी मागेही उठून दिसली तर ते हातमागाचं. मागची बाजू फिकी असेल तर छापील समजा. छापील काही वाईट नसतं, पण त्याला विणलेल्याची किंमत देऊ नका.