चांदीचा रुपया ऑनलाइन घेताय? या चुका टाळा

दर आठवड्याला कुणी ना कुणी मला फोटो पाठवतं. फोटोत एक जुना रुपया, त्याला टेकवलेलं चुंबक आणि खाली प्रश्न: "काका, चिकटत नाही. म्हणजे चांदीच ना?"

नाही. चुंबक चांदीला चिकटत नाही, तसंच ते तांब्याला, पितळेला, जर्मन सिल्व्हरला (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, त्यात चांदी नसते) आणि शिशालाही चिकटत नाही. चिकटलं तर चांदी नाही हे नक्की, पण नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, चुंबकाला टक्कन चिकटतो, तरी तो 'चांदीचा दुर्मिळ रुपया' म्हणून विकायला असतोच. 1964 चा नेहरूंचा आणि 1969 चा गांधींचा एक रुपयाही निकेलचाच. गांधी शताब्दीचं चांदीचं नाणं आहे ते 10 रुपयांचं: 15 ग्रॅम, 80 टक्के चांदी. यावरून 'दहाचं मोठं नाणं म्हणजे चांदीच' असाही नियम कुणी करू नये. 1974 चं कुटुंब नियोजनाचं 10 रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे वजनाच्या फोटोवर भिस्त ठेवणं. ब्रिटिश रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. हे आता सगळ्यांना माहीत आहे, बनावट नाणी पाडणाऱ्यांनाही. काही वर्षांपूर्वी मी पंचम जॉर्जचा 1919 चा एक रुपया मागवला. विक्रेत्याने काट्यावर ठेवून फोटो दिला होता, आकडा 11.6. छाप सुरेख, व्यास बरोबर. घरी आल्यावर बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकी दिली, तर आवाज आला आणि लगेच विझला. चांदीचा रुपया गुणगुणत राहतो. जुने सराफ रुपया वाजवून घेत ते उगाच नाही.

मग मी घरातला, वडिलांच्या पेटीतला रुपया त्याच्याशेजारी उभा धरला. नवा रुपया जाड होता. डोळ्यांना लगेच जाणवत नव्हतं, पण दोन्हींच्या कडांवरून नख फिरवल्यावर कळलं. हलक्या धातूत तेवढंच वजन भरायचं तर जाडी वाढवावीच लागते. जर्मन सिल्व्हरमध्ये ती जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढते. म्हणून मी विक्रेत्याकडे वजनाचा फोटो मागतच नाही. कडेचा फोटो मागतो, शेजारी खात्रीचा दुसरा रुपया उभा ठेवून. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही. ओतीव नाण्याच्या कडेवर सांध्याची रेघ दिसते, आणि मुलामा दिलेल्या नाण्याचा झिजलेल्या जागी पिवळा किंवा तांबूस रंग डोकावतो.

त्या दिवसापासून माझी एक सवय आहे. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, त्यावर पाण्याचा ग्लास, आणि काटा शून्यावर. रुपया आधी ओला करून बोटाने पुसायचा, नाहीतर त्याला बुडबुडे चिकटतात आणि आकडा चुकतो. मग बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडायचा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचा नाही. काटा आता नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन ग्रॅममध्ये दाखवतो. 91.7 टक्के चांदीचा पूर्ण वजनाचा रुपया साधारण 1.13 दाखवतो, 50 टक्क्यांचा 1.22 च्या आसपास, आणि माझ्या त्या जॉर्जने 1.33 दाखवला होता. 91.7 टक्क्यांचं नाणं झिजलेलं असेल तर त्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा: उत्तर, म्हणजे घनता, 10.3 च्या जवळ आलं तर समाधान माना. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसलेल्याने जुनी नाणी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर 50 टक्के म्हटलं, ते सहाव्या जॉर्जमुळे. व्हिक्टोरियाचा राणीछाप, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज, सगळे 91.7 टक्क्यांचे. पुढे महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1940 पासून रुपयात निम्मीच चांदी उरली. बाकी तांबं, निकेल, जस्त. हे नाणं खोटं नाही, अस्सलच आहे. पण 1944 च्या रुपयाला राणीछापाचा भाव मोजणारे मला सतत भेटतात. हिशेब सोपा आहे: राणीछापात सुमारे 10.7 ग्रॅम चांदी, 1944 च्यात 5.83. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा आणि मगच खरेदीचं बटण दाबा. त्या रकमेपेक्षाही खूप स्वस्तात राणीछाप मिळत असेल तर थांबा. विकणाऱ्याला कुठल्याही सराफाकडे त्याहून जास्त पैसे मिळाले असते.

सालही बघा. पंचम जॉर्जचे 1923 ते 1934 या सालांचे रुपये पाडलेच गेले नाहीत. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया दुर्मिळ आहे, म्हणून 1938 मधला शेवटचा आकडा कोरून बदललेला नाही ना, ते भिंगाखाली पाहा.

राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी, आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी 1818': असं नाणं कंपनीने कधीच काढलेलं नाही. तांब्याचं असो, चांदीचा मुलामा असो, त्यावर पैसे घालवू नका. देवळातले जुने रामटंके, म्हणजे रामाची छाप असलेली पूजेची नाणी, ही वेगळी वस्तू आहे. तेही चलन नव्हतं.

अ‍ॅसिड लावू नका, कड घासून बघू नका. डाग आणि ओरखडा कायमचा राहतो. चिंच, राख, टूथपेस्ट यांनी चकाकी आणू नका; शंभर वर्षांचा काळसर थर गेला की संग्राहक तेवढे पैसे देत नाही.

पाकीट उघडताना सलग व्हिडिओ घ्या, पत्त्याचं लेबल दिसेल असा. आणि दोऱ्याची परीक्षा त्याच संध्याकाळी उरका. परत करायची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्याच दिवसांची असते, आणि माझा तो 1919 चा रुपया मी दहा दिवस तसाच कपाटात ठेवला होता.