वणव्याआधी रान मोकळं करायचंय, पण शेजारी ऐकेनात?

गवत पिवळं पडायला लागलं की कामाला लागा, पार वाळून खडखडीत होईपर्यंत थांबू नका, कारण तेव्हा ग्रासकटरचं पातं दगडाला घासून उडालेली ठिणगीसुद्धा आग लावते. हे बहुतेकांना माहीत असतं. अवघड काम पुढे आहे, आजूबाजूच्यांना सोबत घ्यायचं. तुम्ही आपली हद्द चकाचक केली आणि शेजारच्या पडीक रानात कमरेएवढं गवत उभं असेल तर तिथून उडालेले निखारे वाऱ्यावर तुमचा बांध सहज ओलांडतात, जोराचा वारा असेल तर किलोमीटरभर लांबसुद्धा जाऊन पडतात.

आता बोलण्यात गडबड कुठे होते बघा. आपण म्हणतो झाडं विरळ करा, समोरच्याला ऐकू येतं झाडं तोडा, विषय संपला! त्यांचंही चूक नाही, सावली जाईल, पाखरं जातील, माती वाहून जाईल ही भीती खरीच आहे. म्हणून झाडापासून सुरुवातच करू नका. घराच्या, गोठ्याच्या भिंतीलगत साधारण दीड मीटरचा पट्टा फक्त माती नाहीतर खडीचा ठेवा म्हणावं, तिथे पाचोळा नको, सरपण नको, वाळल्या चाऱ्याची गंजी तर अजिबात नको. छपरावरचा, पन्हळीतला पाचोळा काढा. बरीच घरं मोठ्या ज्वाळेने नाही, अशा ठिकाणी पडलेल्या निखाऱ्याने पेटतात. यात एक फांदीही तुटत नाही त्यामुळे कोणी भांडत नाही.

मग आग जिच्यावरून वर चढते ती शिडी दाखवा. प्रत्यक्ष रानात नेऊन हां, हॉलमधल्या मीटिंगमध्ये लोक जांभया देतात. खाली गवत, त्यावर झुडूप, त्यावर लोंबणारी फांदी, आग अशीच चढत शेंड्याला जाते. म्हणजे झाड ठेवायचं, खालच्या फांद्या जमिनीपासून दोनेक मीटरपर्यंत काढायच्या (झाड लहान असेल तर उंचीच्या एक तृतीयांशपर्यंतच), आणि झुडपांचे सुटे पुंजके करून मधलं गवत कापायचं. उतारावर अंतर जास्त ठेवा, खालची ज्वाळा वरचं गवत आधीच तापवते म्हणून आग चढावर पळत सुटते.

एक कोपरा नमुन्याला करा, रस्त्यावरून दिसेल असा. पण बोडका करू नका, माझं स्पष्ट मत आहे की एक उजाड नमुना दहा माणसं गमावतो, वर उघड्या जमिनीवर तण आणखी माजतं. अग्निशमनवाल्या कोणाला बोलवून एवढंच विचारा, तुमची गाडी इथे वळेल का, पाणी कुठून घ्याल. पुढची चर्चा लोक आपोआप करतात. ज्यांनी वणवा पाहिलाय त्यांना आधी बोलू द्या. म्हातारी माणसं, बाहेरगावी राहणारे मालक, यांच्या हद्दीबद्दल तक्रार करण्यापेक्षा विचारून, एक दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून त्यांचं गवत कापून द्या, शेळ्यामेंढ्या असतील तर चरायला सोडा.

निघालेला पाचोळा तिथेच पेटवून मोकळे होऊ नका, घरापासून लांब कंपोस्टच्या खड्ड्यात घाला आणि ओला ठेवा.